डोकं फुटलं नाही, तरी मेंदू दुखावतो

कबड्डीत डुबकी मारणाऱ्याचं डोकं समोरच्याच्या गुडघ्यावर आपटतं. गडी क्षणभर भांबावतो. बाहेरून आरोळी येते, ‘काहीच नही व्हयनं, ऊठ!’ कुणी तोंडावर पाणी मारतं, कुणी कांदा फोडून हुंगवतं आणि गडी पुढच्या चढाईला तयार. खानदेशातल्या यात्रांमधल्या कुस्तीच्या दंगलीतही हाच हिशेब चालतो: रक्त नाही, बेशुद्धी नाही, म्हणजे इजा नाही. हिशेब चुकीचा आहे. मेंदूला धक्का बसण्याच्या बहुतेक प्रसंगांत शुद्ध हरपतच नाही.

याची किंमत निवृत्तीनंतर कळते, आणि ती नीट मोजली गेली आहे रग्बीत. इंग्लंडचा स्टीव्ह थॉम्पसन हा हूकर, म्हणजे स्क्रममध्ये (दोन्ही संघ चेंडूसाठी एकमेकांना रेटतात, त्या झुंबडीत) पहिल्या फळीच्या मधोमध डोकं घालणारा. २००३ साली सिडनीत ऑस्ट्रेलियाला २०-१७ने हरवून विश्वचषक जिंकलेल्या संघात तो होता. डिसेंबर २०२०मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी, आपल्याला स्मृतिभ्रंश झाल्याचं त्याने जाहीर केलं. तो अंतिम सामना त्याला आठवत नाही. एकट्याचं उदाहरण म्हणून सोडून द्यावं, तर स्कॉटलंडच्या ४१२ माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंचा २०२२चा अभ्यास आहे. मेंदू झिजवणाऱ्या आजारांचा धोका त्यांच्यात इतरांच्या सुमारे अडीचपट निघाला. गंमत म्हणजे हेच खेळाडू सरासरी थोडे जास्त जगलेही.

आता कवटीच्या आत काय होतं ते पाहू. सुमारे १४०० ग्रॅमचा मऊ मेंदू द्रवात तरंगतो. डोकं एकदम थांबलं किंवा गर्रकन वळलं की मेंदू मागे राहतो आणि पिळवटतो. सरळ धक्क्यापेक्षा हा पीळ वाईट, कारण त्यात चेतापेशींचे लांब तंतू ताणले जातात. तंतूच्या आत सूक्ष्म नलिका असतात. पेशीचा माल त्यांच्यावरून वाहतो. भुसावळच्या यार्डात रूळ जसे स्लीपरना जखडलेले असतात, तशा या नलिका ‘टाऊ’ नावाच्या प्रथिनाने एकमेकींना बांधलेल्या असतात. तंतू हळू ताणला तर टाऊ सरकून जागा करून देतो. झटक्यात ताणला तर त्याला सरकायला वेळच मिळत नाही, तो ताठ राहतो आणि नलिका तुटतात. तिथे माल तुंबतो, तंतू फुगतो.

त्याच वेळी तंतूच्या पडद्यातून सोडियम आणि कॅल्शियम आत घुसतात. ते बाहेर काढणाऱ्या पंपांना भरपूर ग्लुकोज लागतं, पण नेमका तेव्हा मेंदूचा रक्तपुरवठा मंदावलेला असतो. ही ऊर्जेची तूट कित्येक दिवस टिकते. या काळात दुसरा फटका बसला तर नुकसान पहिल्यापेक्षा मोठं होतं. कोवळ्या वयात, क्वचित, मेंदूला जीवघेणी सूज येते. नलिकांपासून सुटलेल्या टाऊला जादा फॉस्फेट चिकटतात, त्याची घडी बिघडते, गुठळ्या होतात. वर्षानुवर्षे मार खाल्लेल्या मेंदूत या गुठळ्या मेंदूच्या वळ्यांमधल्या खाचांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती सापडतात. या आजाराला क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी म्हणतात. पक्कं निदान मृत्यूनंतरच होतं. थॉम्पसनने म्हणूनच आपला मेंदू संशोधनासाठी द्यायचं ठरवलं आहे.

सीटी स्कॅन यातलं काहीच दाखवत नाही. तो रक्तस्राव आणि कवटीची चीर शोधतो. ‘सीटी नॉर्मल’ म्हणजे मेंदू नॉर्मल नव्हे. कांदा, चप्पल, भगताचा उतारा यांचा इथे उपयोग शून्य; डोक्याच्या मऊ पट्ट्या आणि मेंदूची टॉनिकंही त्याच रांगेतली. पट्टीने कातडी फाटायची वाचते, पीळ थांबत नाही. उलट टोकाची भीतीही नको. मेंदूपेढ्यांत, म्हणजे संशोधनासाठी दान केलेले मेंदू जपणाऱ्या संस्थांत, बहुतेक मेंदू त्रास दिसलेल्या खेळाडूंचेच येतात, त्यावरून सगळ्या खेळाडूंचं प्रमाण काढता येत नाही.

मैदानावर तीन प्रश्न विचारावेत: आता कितवा हाफ? शेवटचा गुण कुणाचा? मागचा सामना कुणाशी झाला? उत्तर अडखळलं, तोल गेला, डोकं दुखलं किंवा मळमळलं, तर त्या दिवशी खेळ बंद. उत्तरं बरोबर आली आणि गडी तरी सुन्न वाटला, तरीही बंदच. सोबत माणूस ठेवावा, दारू नाही, अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्रुफेन नाही, कारण आत रक्तस्राव असेल तर तो वाढू शकतो. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटके, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या होणं किंवा हातापायात बळ नसणं, यातलं काहीही दिसलं की थेट जळगाव, धुळे किंवा नंदुरबारचं शासकीय रुग्णालय. मान दुखत असेल तर ओढून उठवू नये.

एकदोन दिवस हलकी विश्रांती, मोबाइल कमी. मग चालणं, मग सावकाश धावणं, मग एकट्याने पायकाम, प्रत्येक पायरीला किमान २४ तास. त्रास परत सुरू झाला तर एक पायरी मागे. पकड आणि झोंबी शेवटी, डॉक्टरने पाहिल्यावरच.

प्रशिक्षकाच्या हातात सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सराव. इंग्लंडने २०२३पासून हौशी रग्बीत टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं, छातीच्या हाडाखालीच करण्याचा नियम केला. आपल्याकडे पूर्ण जोराची डुबकी आणि थाय होल्ड आठवड्यातून एखाददुसऱ्या दिवशीच घ्यावी, बाकी दिवस अर्ध्या वेगात. आणि वाळून कडक झालेल्या काळ्या मातीवर पोरांना उतरवण्याआधी ती उकरून, चाळून, पाणी मारून घ्यावी.