चीनमध्ये सांगाड्यांवर कायद्याने बंदी आहे का?

‘चीनमध्ये व्हिडिओ गेममध्ये सांगाडा दाखवणे हा गुन्हा आहे’ हे विधान गेली अनेक वर्षे फिरत आहे. त्याला पुरावा म्हणून ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चा दाखला दिला जातो. २००७ मध्ये त्या गेमच्या चिनी आवृत्तीत मृतात्म्यांच्या उघड्या हाडांवर मांस चढवले गेले आणि मेलेल्या खेळाडूंच्या सांगाड्यांच्या जागी थडगी आली, हे खरेच आहे. मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

१० मार्च २०१६ पासून लागू असलेल्या ऑनलाइन प्रकाशनाच्या नियमांत सांगाड्याचे नाव नाही; तेथे अंधश्रद्धा, अश्लीलता, जुगार, हिंसा यांचा प्रसार करू नये, अशी मोघम भाषा आहे. याच नियमांनुसार परदेशी भांडवलाच्या कंपनीला तेथे स्वतः ऑनलाइन प्रकाशन करता येत नाही, त्यामुळे चिनी भागीदार अपरिहार्य ठरतो आणि सरकारी प्रकाशन क्रमांक मिळाल्याशिवाय गेममधून अधिकृतपणे कमाई करता येत नाही. नेमकी रेषा कोठे आहे हे स्पष्ट नसल्याने, परवानगी अडकण्याची जोखीम पत्करण्यापेक्षा भागीदार आधीच कात्री चालवतो, आणि माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेचे मर्म याच सावधगिरीत आहे. २०१९ मध्ये टेन्सेंट या चिनी कंपनीने ‘पबजी मोबाइल’च्या जागी आणलेल्या गेममध्ये गोळी लागलेला प्रतिस्पर्धी कोसळत नाही, तो सामानाची पेटी ठेवतो, हात हलवून निरोप घेतो आणि अदृश्य होतो.

२०२३ च्या जानेवारीत ‘वॉरक्राफ्ट’ चीनमध्ये बंद पडला तोही सांगाड्यांमुळे नव्हे, तर गेमची निर्माती अमेरिकी कंपनी ब्लिझार्ड आणि तिची चिनी भागीदार नेटईज यांच्यातील करार संपल्यामुळे. नवा करार होताच २०२४ मध्ये तो परतला.