रॅप म्हणजे नुसती भरभर बडबड नव्हे

‘कविता सुचायला निवांतपणा लागतो, आणि रॅप ही काही कविता नव्हे’ हा समज अजून पक्का आहे. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यापाशी, चुलीपुढे राबताना त्या गाणी रचत आणि घरातले कोणी टिपून घेत. ती पुस्तकात आली १९५२ साली. कामाने कविता अडली नाही, उलट जात्याच्या फेऱ्यानेच तिला लय दिली.

रॅपमध्ये हे काम बीट, म्हणजे मागे वाजणारा ठेका, करतो. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्क यांच्या पार्टीतून हिप-हॉप, म्हणजे रॅप ज्याचा भाग आहे ती संगीतशैली, सुरू झाल्याचं मानतात. तिथल्या रॅपमध्ये एका ओळीला साधारण चार ठोके असतात आणि यमक बहुधा चौथ्यावर पडतं. टाळी देत म्हणून पाहा:

पाचची लोकल हातची सुटली
डोळ्यांमधली झोपच तुटली

‘सुटली-तुटली’ नेमकं चौथ्या टाळीवर येतं. कसलेले रॅपर ओळीच्या पोटातही यमकं पेरतात, मुद्दाम ठोक्याच्या किंचित मागे शब्द टाकतात. ही छंदाचीच जाण आहे, आणि ती अवघड आहे. भांडी घासताना, जिना चढताना अशा दोन ओळी जरूर जुळवा. आधी तोंडाने म्हणा, कागद नंतर.