केस गळत नाहीत, मग जातात कुठे?

संध्याकाळी सातच्या सुमारास घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरच्या लिफ्टमध्ये शिरलात, तर पायाशी हमखास एक शित्झू जातीचा कुत्रा घुटमळत असतो. कपाळावर रबर बँडची शेंडी, चपटं नाक, आणि पट्टा धरलेल्या काकूंचं ठरलेलं वाक्य, "याचे केस अजिबात गळत नाहीत हो!" घरात कुत्रा आणायचा विषय निघाला की आजी आधी केसांचंच विचारते आणि पिल्लू विकणाराही आधी तेच सांगतो. जणू या जाती टू बीएचकेसाठीच जन्माला आल्या. खरं तर पाण्यात पडलेलं बदक आणणं, मठात पहारा देणं, गिरणीतले उंदीर मारणं असल्या कामांसाठी हे कुत्रे पाळले गेले. त्यांच्या केसांकडे सोफ्याच्या नजरेनं पाहायला माणसानं फार उशिरा सुरुवात केली.

आधी केसांचा हिशेब. कुत्र्याचा प्रत्येक केस वाढतो, थांबतो आणि गळतो. लांडग्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वर राठ केस आणि आत मऊ लोकर. थंडी सरली की आतली लोकर तो टाकून देतो. जर्मन शेफर्ड, लॅब्रेडॉर, स्पिट्झ यांनी ही सवय सोडलेली नाही. ठाण्यात धड थंडीही पडत नाही, त्यात घरात रात्री बारापर्यंत दिवे आणि एसी. त्यामुळे ऋतूचं गणित बिघडतं आणि केस बारा महिने गळत राहतात. कुरळ्या केसांच्या पूडलचं उलट असतं. त्याच्या केसाच्या वाढीचा काळ लांबतो, आपल्या डोक्यावरच्या केसासारखा. गळतात त्याचेही, पण कमी, आणि गळलेला केस बाकीच्या कुरळ्या केसांत अडकून अंगावरच राहतो. तो फणीनं काढला नाही तर आठवड्यात गुंता आणि महिन्यात जट. हंगेरीच्या पुली नावाच्या मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्याच्या तर या जटाच मुद्दाम राखतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला कुंभमेळ्यातला साधूच आठवावा.

पूडलला आपण फ्रेंच समजतो, पण नाव जर्मन आहे. 'पुडेल्न' म्हणजे पाण्यात डुबक्या मारणं. शिकाऱ्यानं पाडलेलं पाणपाखरू तळ्यातून आणून देणं हे त्याचं काम. फ्रेंचांनी त्याला दिलेल्या 'कानिश' या नावातही बदकच लपलेलं आहे. दाट कुरळे केस थंड पाण्यात ऊब देत, पण भिजले की जड होत. म्हणून मागचा भाग भादरायचा आणि छातीवर, सांध्यांवर गोंडे ठेवायचे. आज ज्या कटिंगला आपण नखरा म्हणतो, ती मुळात पोहणाऱ्या कामगाराची सोय होती. पुढे सर्कशीत आणि दिवाणखान्यात त्याची ये-जा वाढली तसा त्याचा आकार घटत गेला. अमेरिकी मापानं खांद्याशी १५ इंचांवर स्टँडर्ड, १० ते १५ इंच मिनिएचर आणि १० इंचांपर्यंत टॉय. जात एकच, केसही तेच. केस कमी गळण्याचा आणि आकाराचा काही संबंध नाही, हे एकट्या पूडलकडे बघूनही कळतं.

पोर्तुगालच्या कोळ्यांचाही असाच एक कुरळ्या केसांचा पाणकुत्रा होता, मध्यम आकाराचा. जाळी ओढायला मदत करायची, एका होडीवरून दुसऱ्या होडीवर निरोप न्यायचा, ही त्याची कामं. विसाव्या शतकात मासेमारी बदलली आणि तो नाहीसा व्हायच्या बेतात आला. १९३० च्या दशकात वास्को बेन्साऊदे या धनिकानं किनाऱ्यावरून उरलेसुरले कुत्रे गोळा करून वंश टिकवला. ठाणे खाडीच्या कोळीवाड्यांत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटणार नाही.

लिफ्टमधल्या शित्झूचं मूळ मात्र आपल्या शेजारी, हिमालयापलीकडे आहे. तिबेटी मठांच्या आणि घरांच्या बाहेर दांडगा मास्टिफ बांधलेला असे आणि आत चाहूल घ्यायला छोटा ल्हासा अप्सो. त्याचे लांब केस ल्हासाच्या थंडीसाठी होते. तिबेटी कुत्रे चीनच्या राजवाड्यात भेट म्हणून जात, आणि तिथे शित्झू घडला. नावाचा अर्थ सिंहासारखा कुत्रा. सम्राज्ञी त्सशी हिला राजवाड्यातल्या छोट्या कुत्र्यांचं फार वेड होतं. १९०८ साली ती वारली आणि राजवाड्यातली ती पैदास विस्कटली. १९३० मध्ये ब्राउनरिग दांपत्यानं चीनमधून काही शित्झू इंग्लंडला नेले. तिथे आधी ल्हासा आणि शित्झू एकाच नावाखाली प्रदर्शनात उभे राहिले, मग नाकावरून आणि पायांवरून वाद झाले, आणि १९३५ च्या सुमारास वाटण्या झाल्या. त्याच दशकात तेराव्या दलाई लामांनी सायडम कटिंग या अमेरिकी प्रवाशाला ल्हासा अप्सो भेट दिले आणि अमेरिकेत त्या जातीची सुरुवात झाली.

यात एक धागा थेट भारतातला आहे. १९२० च्या दशकात कानपूरला डॉ. अ‍ॅग्नेस ग्रेग नावाच्या ब्रिटिश डॉक्टर होत्या. एका रुग्णाच्या घरच्यांनी उपकाराची फेड म्हणून त्यांना तिबेटी पिल्लू दिलं. ग्रेगबाईंनी त्याचा वंश वाढवला आणि तो पुढे तिबेटन टेरियर म्हणून मान्य झाला. टेरियर म्हणजे बिळातला प्राणी उकरून काढणारा; हा बिचारा तसलं काही करत नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

युरोपातल्या गिरण्यांची आणि तबेल्यांची गोष्ट थोडक्यात. यॉर्कशायरच्या कापडगिरण्यांत स्कॉटलंडहून आलेल्या विणकरांचे छोटे उंदीरमारे कुत्रे होते, त्यातून यॉर्की, म्हणजे यॉर्कशायर टेरियर, झाला. त्याचे रेशमी केस मागावर विणलेत अशी थट्टा चाले. जर्मनीत तबेला राखणारा श्नाउझर, दाढी-मिशांवरून नाव पडलेला, लहान-मध्यम-मोठ्या अशा तीन मापांत मिळतो. मोठा श्नाउझर खांद्याशी ६० सेंटिमीटरच्या वर जातो. तो लिफ्टमध्ये शिरला तर काकू पुढच्या लिफ्टची वाट बघतील.

दाढी-मिशा ही थट्टेची गोष्ट नाही. २००९ मध्ये हजाराहून अधिक कुत्र्यांची जनुकं तपासून शास्त्रज्ञांनी दाखवलं, की शुद्ध जातींमधले बहुतेक केसप्रकार अवघ्या तीन जनुकांच्या मेळातून होतात. त्यातल्या आरएसपीओ२ या जनुकातल्या बदलामुळे मिशा आणि झुपकेदार भुवया येतात, आणि असे कुत्रे सहसा कमी केस गाळतात. म्हणजे पिल्लू बघायला गेलात तर विक्रेत्याच्या तोंडाकडे बघण्याऐवजी पिल्लाच्या आईबापांच्या तोंडाकडे बघावं.

'केस गळत नाहीत म्हणजे अ‍ॅलर्जी होत नाही' ही समजूत त्यामानानं ताजी आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हवाईतल्या एका दृष्टिहीन बाईंना मार्गदर्शक कुत्रा हवा होता, पण नवऱ्याला अ‍ॅलर्जी. ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी आधी पूडल शिकवून पाहिले, जमलं नाही. मग लॅब्रेडॉर आणि पूडलचा संकर केला. तीन पिल्लांपैकी सुलतान नावाचं एक त्या नवऱ्याला चाललं. उरलेल्या संकरित पिल्लांना घर मिळेना, तेव्हा कॉनरननी 'लॅब्राडूडल' हे नाव पुढे केलं आणि मागणीचा पूर आला. आपण भलतंच काही सुरू करून बसलो, असं पुढे त्यांनीच मुलाखतींत कबूल केलं. २००९ मध्ये ओबामांच्या घरी मुलीच्या अ‍ॅलर्जीमुळे पोर्तुगीज पाणकुत्रा आला आणि समजुतीवर शिक्कामोर्तब झालं. पण अ‍ॅलर्जी केसानं होतच नाही. ती होते लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे, आणि ती प्रत्येक कुत्र्याकडे असतात. अमेरिकेत १७३ घरांतली धूळ तपासून २०११ मध्ये अहवाल आला. 'अ‍ॅलर्जीमुक्त' म्हणवणाऱ्या जातींच्या घरांत आणि बाकीच्या घरांत काही फरक सापडला नाही. दम्याचं पोर घरात असेल तर पैसे मोजण्याआधी त्याला त्याच कुत्र्याजवळ दोन-चार वेळा बसवून बघावं.

आणि आपल्याकडे ही अट आली कधी? नौपाडा, चरई, उथळसरच्या बैठ्या घरांत कुत्रा ओट्यावर नाहीतर अंगणात असायचा. त्याचे केस वारा नेई, हिशेब कोण ठेवणार? १९९४ च्या एका गाजलेल्या हिंदी सिनेमातल्या पांढऱ्या कुत्र्यानं घरोघरी स्पिट्झची हौस जागवली. २००३ मध्ये मोबाइलच्या जाहिरातीतला पग आला. दोघेही केस गाळण्यात एक नंबर, आणि तोवर माणसं मजले चढून गेली होती. नव्या मुंबईतही तेच, सिडकोच्या छोट्या घरांतून पाम बीच रोडच्या इमारतींत. कुत्रा गादीवर आला, केस डब्यातल्या पोळीवर आले. सोसायट्यांनी कुत्र्यांवर बंदी घालू नये असं प्राणी कल्याण मंडळानं २०१५ मध्ये बजावल्यावर भांडणं कुत्र्यावरून सरकून लिफ्टमधल्या केसांवर आली. मग शित्झू, आणि आता टॉय पूडल.

आमच्या रस्त्याला एका किलोमीटरमध्ये तीन ग्रूमिंगची दुकानं झाली आहेत. जुलैत तिथे जाऊन बसावं. पावसात भिजलेला, नीट न सुकवलेला शित्झू टेबलावर उभा असतो, कानामागे आणि काखेत जटा झालेल्या. फणी चालत नाही, मग मशीनच फिरवावं लागतं. अर्ध्या तासानं टेबलावरून खाली उतरतो तो उंदराएवढा दिसणारा, ओशाळलेला जीव, आणि लादीवर त्याच्यापेक्षा मोठा केसांचा ढीग.