खरूज कुत्र्यामुळे होते?

"गल्लीतल्या कुत्र्याला हात लावला की खरूज घरात येते" हा मेसेज सोलापुरात कितीदा फिरलाय. वाटणं साहजिक आहे, कारण कुत्र्याची आणि माणसाची खरजेची कीड मायक्रोस्कोपखाली जवळपास सेमच दिसते. पण डीएनए तपासला तर दोघांचे प्रकार बहुतेक वेगळे निघतात, कुत्र्याची कीड आपल्याला थोडे दिवस खाजवते पण आपल्या कातडीत तिची वाढ होत नाही. आपली खरूज माणसाकडूनच येते, एका चादरीत झोपणं वगैरे, आणि पहिल्यांदा झाली तर खाज ४ ते ६ आठवड्यांनी सुरू होते, तोवर कोणाकडून आली ते लक्षात राहत नाही, म्हणून आळ कुत्र्यावर. रात्री खाज वाढते का, बोटांच्या बेचक्यात बारीक रेघा आहेत का, घरात अजून कोणी खाजवतंय का बघा, मग स्किनच्या डॉक्टरांकडे जा, औषध मात्र सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं.