कापरेकर संख्या की कापरेकर स्थिरांक?

६१७४ला ‘कापरेकर संख्या’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. आडनाव बरोबर, पण घर चुकलं. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांनी कापरेकर संख्या आणि कापरेकर स्थिरांक या दोन्ही गोष्टी शोधल्या, पण एकीचा दुसरीशी संबंध नाही.

२०२५ घ्या. हा ४५चा वर्ग. मधोमध तोडला की २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. म्हणून ४५ ही कापरेकर संख्या. तशाच ५५, ९९, २९७, ७०३. इथे परीक्षा त्या एका संख्येची असते: वर्ग करा, मूळ संख्येत जितके अंक तितके उजवीकडे ठेवून तोडा, बेरीज करा, निकाल तिथल्या तिथे.

आता तोच २०२५ दुसऱ्या खेळात टाकू. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमातली संख्या वजा करायची. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ५२२० − ०२२५ = ४९९५. पुढे ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि मग ६१७४. त्यानंतर ७६४१ − १४६७ पुन्हा ६१७४च. चारही अंक सारखे नसले की कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच येऊन थांबते. हा कापरेकर स्थिरांक, १९४९ सालचा शोध. जादू वाटते, पण उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं: सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांच्यातला, आणि मधल्या दोन अंकांमधला. त्यामुळे पहिल्याच वजाबाकीनंतर हजारो संख्यांचा पसारा ५४ शक्यतांवर येतो.

मग ६१७४ स्वतः कापरेकर संख्या आहे का? वर्ग ३८११८२७६; ३८११ + ८२७६ = १२०८७. नापास!

खरी मजा १४२८५७मध्ये आहे. १ भागिले ७ केल्यावर दशांश चिन्हापुढे हेच सहा अंक फिरत राहतात. दोनने गुणलं तर २८५७१४, तिनाने ४२८५७१, सहाने ८५७१४२: अंक तेच, रांगही तीच, फक्त सुरुवात बदलते. साताने गुणलं की मात्र ९९९९९९. आता १४२८५७चा वर्ग: २०४०८१२२४४९. उजवीकडचे सहा अंक वेगळे काढा: २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण. कारणही साधं आहे: तिच्याहून एकाने लहान असलेल्या १४२८५६ला ७ने पूर्ण भाग जातो आणि भागाकार येतो २०४०८, म्हणजे वर्गाचा डावा तुकडाच.

दुसऱ्या खेळात तिचं काय होतं? सहा अंकांना ६१७४सारखं एकच मुक्कामाचं गाव नाही. ५४९९४५ आणि ६३१७६४ अशी दोन आहेत, शिवाय सात संख्यांचं एक रिंगण. १४२८५७ नेमकी त्या रिंगणात अडकते. ८७५४२१ − १२४५७८ = ७५०८४३, मग ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ आणि शेवटी ८५१७४२. नीट बघा, सगळे अंक १४२८५७चेच! पण रांग मोडलेली. एक ते सहाने गुणताना जी संख्या आपली रांग सोडत नाही, ती या रिंगणातून फिरून येते तेव्हा अंक सगळे हजर असतात, क्रम तेवढा नसतो. पुढची वजाबाकी करा, पुन्हा ७५०८४३.