डिजिटल कथाकथन, शालेय

विद्यार्थ्याने स्वतः रचलेली गोष्ट स्वतःच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करायची, तिला छायाचित्रे, हाताने काढलेली चित्रे, चलचित्राचे तुकडे आणि आवाज जोडायचे आणि दोन-तीन मिनिटांची दृक्‌श्राव्य कृती उभी करायची, या वर्गपद्धतीला डिजिटल कथाकथन म्हणतात. शिक्षकाने पडद्यावर तयार चित्रफीत लावली आणि मुलांनी ती पाहिली, तर ते डिजिटल कथाकथन नव्हे. बोलण्यात मात्र दोन्हींची गल्लत नेहमी होते. इथे गोष्ट सांगणारे मूल असते, शिक्षक असतो तो पहिला श्रोता.

या पद्धतीची सुरुवात अमेरिकेत झाली. डेना अ‍ॅचली, जो लॅम्बर्ट आणि नीना मलन यांनी १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक केंद्र काढून सामान्य माणसांना संगणकावर आपली गोष्ट मांडायला शिकवणाऱ्या कार्यशाळा सुरू केल्या. पुढे बर्कलीला गेलेली ही संस्था आज स्टोरीसेंटर या नावाने ओळखली जाते. सांगणाऱ्याचा स्वतःचा दृष्टिकोन, उत्कंठा टिकवणारा प्रश्न, भावना, स्वतःचा आवाज, ध्वनिपट, काटकसर आणि गती अशी सात अंगे तिथे सांगितली गेली. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या वेल्स विभागाने २००१ पासून याच धर्तीवर लोकांच्या छोट्या गोष्टी प्रसारित केल्या. शाळा-महाविद्यालयांत ही पद्धत रुजवणाऱ्यांमध्ये ह्यूस्टन विद्यापीठाचे बर्नार्ड रॉबिन यांचे नाव घेतले जाते.

मराठी शिक्षकाला यातला ‘कथाकथन’ हा अर्धा शब्द परका नाही. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगाव कथाकथनाचे कार्यक्रम गाजवले, आणि प्रकाशभाई मोहाडीकरांनी मुंबईतून उभ्या केलेल्या साने गुरुजी कथामालेने मुलांना गोष्ट ऐकायची सवय लावली. चित्रांच्या आधाराने गोष्ट सांगण्याची परंपरा तर त्याहून जुनी. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी सुट्या चित्रांची पोथी पुढ्यात ठेवतात, एक चित्र दाखवून गातात-सांगतात आणि मग पुढचे चित्र घेतात. स्लाइडवर स्लाइड सरकवणाऱ्या सातवीतल्या मुलाचे काम याहून फार वेगळे नाही. मे महिन्यात कोकणात गावी जाणाऱ्या मुंबईच्या मुलांना हे उदाहरण चटकन पटते.

दुसरा धागा सिनेमाचा. दादासाहेब फाळके यांनी कथापट काढण्याआधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित करून ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला, तर १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये निर्जीव काड्या हलवून दाखवल्या. आजची मुले मोबाइलवर स्टॉप-मोशन करतात तेव्हा रीत तीच असते : वस्तू किंचित सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची. सेकंदाला बारा फोटो धरले तर अर्ध्या मिनिटाला ३६० फोटो लागतात. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत ते होत नाही. म्हणून शाळेत सेकंदाला सहा फोटोंवर भागवावे. हालचाल थोडी अडखळते, आणि कागदी कपट्यांच्या पात्रांना ते अडखळणे शोभूनही दिसते. मोबाइल मात्र हलता कामा नये. तो पुस्तकांच्या चवडीला दोऱ्याने बांधला तरी काम भागते.

कामाचा क्रम बहुतेक ठिकाणी असा : आधी गोष्ट तोंडी सांगणे, मग लिहिणे, चौकटी आखून कोणत्या वाक्याला कोणते चित्र हे ठरवणे, ध्वनिमुद्रण, चित्रे, जोडणी आणि शेवटी दाखवणे. मुलांना थेट जोडणीपाशी पोहोचायचे असते. खरे काम लिहिण्यात आहे. दोन मिनिटांना दोनशेच्या आसपास शब्द पुरतात आणि पहिला मसुदा हमखास दुप्पट भरतो. ‘आम्ही सकाळी उठलो, दात घासले, नाश्ता केला’ अशी सुरुवात खोडून गोष्ट थेट बंद पडलेल्या लोकलमध्ये सुरू करणे, हा निबंधाच्या तासाला सहसा न मिळणारा धडा इथे आपोआप मिळतो. पडद्यावर दिसणारी गोष्ट शब्दांत पुन्हा सांगायची नाही, हेही मुलांना इथेच कळते. चित्रात पाऊस असेल तर ‘खूप पाऊस पडत होता’ हे वाक्य गाळावे.

विषय शोधायला मुंबईत फार लांब जावे लागत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ‘त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?’ एवढा एकच प्रश्न घरात विचारला की आई, मामा, शेजारच्या काकू, सगळ्यांकडून गोष्टी निघतात. लालबाग-परळच्या मुलांना आजोबांकडून १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाच्या आठवणी मिळतात. बीडीडी चाळींतून टॉवरमध्ये राहायला गेलेल्या कुटुंबांकडे तर ‘कॉमन गॅलरी गेली’ या एका वाक्यातच गोष्ट असते. चित्रांसाठी जुने रेशनकार्ड, लग्नाचा अल्बम, पितळेचा डबा पुरे. इंटरनेटवरून उतरवलेली गुळगुळीत चित्रे अशा गोष्टीला मारून टाकतात.

आवाज हा या पद्धतीचा जीव, आणि मुंबईच्या वर्गात नेमका तोच अवघड. पंखा, बाजूचे बांधकाम, दुसऱ्या पाळीची मुले, रिक्षांचे हॉर्न. पंखा बंद करून ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या कपाटांमध्ये बसले तर घुमारा बराच कमी होतो. जून-जुलैत पत्र्याखालच्या वर्गात ध्वनिमुद्रणाचा नाद सोडलेलाच बरा. मात्र सगळाच गोंगाट गाळू नये. ‘पुढील स्टेशन’ ही घोषणा किंवा कोळीवाड्यातल्या मासळीच्या लिलावाची आरोळी वेगळी टिपून ठेवली की तीच गोष्टीची पार्श्वभूमी होते. दुसरी अडचण अशी की कथाकथनकारापुढे हसणारे श्रोते असतात, मुलापुढे नुसता मोबाइल. त्यामुळे आवाज पाठांतराच्या सुरात सपाट पडतो. उपाय साधा आहे. मोबाइल बाकावर बाजूला ठेवावा आणि मुलाने गोष्ट समोर बसलेल्या मैत्रिणीला सांगावी.

त्या आवाजाची भाषा कोणती असावी, यावर शिक्षकांत मतभेद आहेत. मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत चालतात. एकट्या मराठी माध्यमाच्या वर्गातही घरी मालवणी, आगरी, कोळी किंवा भोजपुरी बोलणारी मुले शेजारीशेजारी बसतात. निवेदन प्रमाणभाषेत करायला लावले की आजीचे बोलणे बातमीसारखे वाटू लागते. निवेदन घरच्या बोलीत आणि पडद्यावरची अक्षरे प्रमाण मराठीत, ही तडजोड अधिक शहाणपणाची. यंत्राच्या आवाजाला निवेदन सोपवण्याची सोय आता सहज मिळते, पण मूळ हेतूच त्याने हरवतो. शिवाय ‘थोडे’ या अर्थाच्या ‘जरा’तला आणि ‘वार्धक्य’ या अर्थाच्या ‘जरा’तला ‘ज’ वेगवेगळा उच्चारायचा असतो, हे यंत्राला लिपीतून कळत नाही. आजोबांना ते शिकवावे लागत नाही.

पडद्यावरच्या अक्षरांचीही एक कटकट आहे. चित्रफिती जोडण्याच्या काही अ‍ॅपमध्ये देवनागरी जोडाक्षरे फुटतात, वेलांटी भलत्याच जागी पडते, आणि ‘ल’ व ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेची जी मानक रूपे ठरवली त्यांत या दोन अक्षरांचे वळण मराठीच आहे. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ यांसारखे टंक (फॉन्ट) मोफत मिळतात. तेही जमले नाही तर शीर्षक पाटीवर खडूने लिहून त्याचा फोटो घालावा, तो जास्त देखणा दिसतो.

साधनांविषयी थोडक्यात. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने २००७ मध्ये खुले केलेले ‘स्क्रॅच’ हे संगणकीय साधन पडद्यावरचे सूचनांचे ठोकळे जोडून पात्रे हलवू देते. त्याचे ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठीचे रूप, स्क्रॅचज्युनिअर, २०१४ मध्ये आले. आवाज कापण्या-जोडण्यासाठी ऑडॅसिटी, फाटे फुटणाऱ्या गोष्टींसाठी ट्वाइन ही दोन्ही मोफत आहेत. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून मुक्त परवान्याची चित्रे आणि मराठी गोष्टी मिळतात. मोबाइल अ‍ॅपची नावे पाठ करण्यात अर्थ नाही. टिकटॉक जून २०२० मध्ये एका रात्रीत गेले, आणि त्याने लावलेली दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवण्याची सवय या पद्धतीच्या नेमकी उलट होती.

उपकरणांचा प्रश्न वेगळा. महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले, तरी अनेक घरांत चांगला कॅमेरा असतो तो वडिलांच्या मोबाइलला, आणि ते कामावरून परतल्यावरच तो हाती लागतो. म्हणून चार-पाच मुलांच्या गटाला एक मोबाइल ही सोय सक्तीची नसून बऱ्यापैकी हिताची आहे. एक बोलतो, एक ऐकतो, एक चित्रे मांडतो आणि एक जण मधल्या सुट्टीतल्या मुलांना दाराबाहेर थोपवून धरतो.

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी पाळाव्या लागतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती अपेक्षित आहे. त्यामुळे मुलांचे चेहरे असलेली चित्रफीत पालकांना न विचारता समाजमाध्यमांवर टाकू नये. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमाचे ५२ वे कलम अध्यापनासाठी काही सवलत देते, पण वर्गात चाललेले सिनेमाचे गाणे यूट्यूबवर चालेलच असे नाही. त्याऐवजी ताट, वाटी, बाक आणि टाळ्या यांवर मुलांनीच ताल धरावा.

मूल्यमापनात झगमगाटाला गुण जातात, ही या पद्धतीची जुनी खोड. आंतरशालेय स्पर्धांत ती आणखी वाढते आणि जोडणीचे काम हळूच एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या ताईच्या लॅपटॉपवर सरकते. पहिला मसुदा, खाडाखोड आणि चौकटींचा कागद यांना निम्मे गुण ठेवणारे शिक्षक ही पळवाट बऱ्याच अंशी बंद करतात. तो कागद जपण्याचे आणखी एक कारण आहे. दिवाळीपर्यंत मोबाइलची मेमरी भरते, घरातले कोणीतरी चित्रफीत पुसून टाकते आणि गोष्ट वहीतच उरते.