रुग्णवाहिकेचा खर्च आणि सरकारी आरोग्य विमा (पुणे)

पुण्यात १०८ क्रमांकावर फोन केला की येणारी रुग्णवाहिका पैसे घेत नाही. त्यामुळे हा खर्च सरकारी विम्यातून भागतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात विमा योजनेचा पैसा बहुतांशी रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांवर खर्च होतो. रुग्णाला तिथवर नेण्याची सोय सरकारने वेगळ्या निधीतून केलेली आहे.

१०८ ची सेवा, म्हणजे महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवा, २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली. सुरुवातीला राज्यभरात ९३७ गाड्या होत्या. त्यांपैकी २३३ ॲडव्हान्स लाइफ सपोर्टच्या (अत्यवस्थ रुग्णांसाठी जास्त साधने असलेल्या) आणि ७०४ बेसिक लाइफ सपोर्टच्या (प्राथमिक साधने असलेल्या). राज्यभरातले फोन घेणारा नियंत्रण कक्ष पुण्यातच, औंध उरो रुग्णालयाच्या आवारात उभारला गेला. गाडीत डॉक्टर असतो आणि रेशन कार्ड कुणी विचारत नाही. या सेवेचा खर्च शासन करते. गाड्या चालवण्याचे काम कंत्राटावर दिले जाते. ही विभागणी योग्यच म्हणावी लागेल. विमा एकेका उपचारामागे पैसे देतो, तर रुग्णवाहिकेचा बराचसा खर्च ती उभी असतानाच होत असतो. एकही फोन न आलेल्या रात्रीसुद्धा चालक आणि डॉक्टर जागे लागतात, ऑक्सिजनचे सिलिंडर भरलेले लागते. ती रात्र कोणत्याही क्लेममध्ये बसत नाही.

गर्भवती व बाळंतिणींसाठी १०२ ची गाडी आहे. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार घरून सरकारी दवाखान्यात, गरज पडल्यास तिथून मोठ्या रुग्णालयात आणि प्रसूतीनंतर परत घरी अशी ने-आण मोफत होते.

राज्याची सरकारी आरोग्य विमा योजना, म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आजचे नाव २०१७ चे. तिच्या पॅकेजमध्ये प्रवासखर्चाची तरतूद आहे, पण ती फक्त रुग्णालयातून घरी जाण्यासाठी आणि एसटीच्या किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या भाड्याइतकी. ससूनमधून भोर किंवा वेल्ह्याकडे परतणाऱ्याला ही रक्कमही मोलाची असते, म्हणून डिस्चार्जच्या वेळी आरोग्यमित्राकडे (रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाकडे) तिची चौकशी जरूर करावी. मात्र मांडीचे हाड जोडलेला माणूस स्वारगेटहून एसटीत बसून घरी कसा जाणार, याचे उत्तर या तरतुदीत नाही.

याआधीच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत दर दाखल होण्यामागे १०० रुपये आणि वर्षाला जास्तीत जास्त १,००० रुपये प्रवासभत्ता होता. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना व निवृत्तांना सीजीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेतून शहरातल्या शहरात केलेल्या रुग्णवाहिकेचे पैसे परत मिळू शकतात; त्यासाठी दुसऱ्या वाहनाने नेणे जिवाला धोक्याचे होते, असे डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते.

सर्वांत मोठी फट खासगी गाडीपाशी आहे. एका खासगी रुग्णालयातून दुसरीकडे हलवताना, विशेषतः व्हेंटिलेटरवरच्या रुग्णासाठी, नातेवाईक मिळेल ती गाडी करतात आणि भाडे खिशातून देतात. फुले योजनेचे कार्ड दाखवून ते भाडे परत मिळत नाही. गाडीच्या प्रकारानुसार कमाल भाडे प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवते, पण आयसीयूच्या दाराशी उभ्या असलेल्या घरच्यांना दरपत्रक आठवत नाही. तेव्हा सोबत आलेल्या शेजाऱ्याने किंवा नात्यातल्या कुणीतरी गाडी सुटण्याआधी दर विचारावा आणि पावती घ्यावी.